नाव न सांगायचं औषध

आबा, तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली, आणि तुमचं औषध मी सांगून टाकलं. नाव घेऊन, मोठ्याने, खोपोलीला शिळफाट्याजवळच्या दवाखान्यात, एका डॉक्टरीणबाईंसमोर. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी पुरतं ऐकून घ्या. तुम्हाला मधेच तोंड घालायची खोड होती.

रविवारची सकाळ आठवते. कळंबच्या पलीकडचं आपलं घर, तुम्ही ओटीवर बसलेले, पुढ्यात वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या. माणसं येतायत. कुणाच्या पोराला हगवण लागलीय, कुणाची म्हातारी मुरड्याने वाकलीय. तुम्ही नाडी बघत नाही, जीभ बघत नाही, फक्त विचारता, "रगत पडतं का?" आणि पुडी पुढे सरकवता. पैसे घ्यायचे नाहीत, नारळसुद्धा नाही. औषध घेतलेल्याने जाताना "येतो" म्हणायचं नाही. एकदा नेरळचा एक पाव्हणा चुकून म्हणाला, तर तुम्ही केवढ्याने ओरडलात, "येतो काय रं? परत मुरडा घेऊन यायचं हाय का?" तो बिचारा चप्पल न घालताच पळाला. आणि पुडीत काय आहे हे कुणी विचारलं की तुमचं ठरलेलं, "नाव सांगितलं का गुण गेला." मी आतून ऐकायचे आणि मला वाटायचं, आपल्या घरात केवढं मोठं काहीतरी आहे.

दादाला त्यात काडीचा रस नव्हता. मग माझं लग्न ठरल्यावर तुम्ही मला पहाटे उठवून घरामागच्या डगरीवर नेलंत. काकी आदल्या दिवशी केवढी भांडली होती, लेकीला औषध सांगितलं की ते दुसऱ्या घरी जातं म्हणून. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे की. पोटं तिकडंबी हायेत." तुम्ही मला कुडा दाखवलात, साल कशी काढायची, किती वाळवायची ते शिकवलंत. बेलाचं फळ केव्हा उतरवायचं ते सांगितलंत. तिसरी एक मुळी, तिचं नाव इथेही लिहीत नाही. बघा, सवय जात नाही. मग झाडाच्या बुंध्याला माझा हात लावून शब्द घेतलात, कुणाला सांगायचं नाय, नवऱ्यालासुद्धा नाय. सासरी जाताना काकीने पैठणी दिली, दादाने मिक्सर दिला. तुम्ही हे दिलंत. मला त्या दिवशी वाटलं होतं, सगळ्यांत जास्त मलाच मिळालं.

तुमच्या शेवटच्या वर्षी माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून दहादहा वेळा धावायचं, रक्त पडायचं. शेलूच्या आमच्या बिल्डिंगमध्ये औषध सांगणाऱ्यांना तोटा नाही. एकीने कोरफडीचा रस पाजला, त्याने तर आणखीच धावपळ झाली. दुसरीने हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या. तिसरीचा भाचा प्रोटीनची पावडर विकायचा, त्याचा डबा अजून माळ्यावर पडलाय. मी कळंबच्या एका रिसॉर्टवर पोळ्या लाटते. पाहुण्यांच्या पंगतीसाठी पीठ मळायचं आणि आपण मात्र पेजेवर राहायचं, असं कितीतरी वर्षं चाललं. नळीने तपासणी झाली तेव्हा कुठे कळलं. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडलेत. हा मुरडा नव्हे. आपलंच शरीर आपल्या आतड्यावर उलटतं. पुरतं जात नाही, पण ताब्यात राहतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मान हलवली, त्यांच्या गोळ्या घेतल्या, आणि रोज सकाळी चमचाभर तुमची भुकटीही घेत राहिले.

यंदा त्यांनी नवी गोळी सुरू केली आणि आबा, खोटं कशाला सांगू, तिसऱ्या महिन्यात माझं रक्त थांबलं. मी पोळी खाल्ली. मी एस.टी.त खिडकीशी बसून गेले आणि उतरायची घाई झाली नाही! तुम्हाला हसू येईल, पण मला रडू आलं होतं. आणि नेमका तेव्हाच रक्ताचा रिपोर्ट आला, लिव्हरला सूज. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "या गोळीने असं होऊ शकतं. बंद करावी लागेल." एवढ्या वर्षांनी एक गोष्ट लागू पडली होती, आणि तीच जाणार होती.

"दुसरं काही घेता का? गावठी, आयुर्वेदिक, कुणी दिलेलं?"

"नाही," मी म्हटलं. दर वेळी हेच म्हणत आले होते.

आमचे हे शेजारी बसले होते. पटकन म्हणाले, "अगं घेतेस की! सकाळी ती करड्या रंगाची भुकटी कोण घेतं मग, मी?"

"कसली भुकटी?" बाईंनी विचारलं.

"माहेरची."

"माहेरची म्हणजे कशाची?"

मी रिपोर्टांची फाइल मांडीवर सरळ करत बसले. बाई रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, गोळीने सूज आली की भुकटीने, हे मला कळायला नको? नाव नाही कळलं तर मी गोळीच बंद करणार. दुसरा उपाय नाही माझ्याकडे."

तेव्हा मी बोलले. कुडा, बेल, आणि तिसरी मुळी. नवऱ्यासमोर बोलले. वाटलं, आता काहीतरी कोसळणार. कोसळलं काहीच नाही. बाईंनी विचारलं, "किती? चपटा चमचा की शिगोशीग?" आणि लिहून घेतलं. आमचे हे म्हणाले, "हात्तिच्या, कुडा? त्याच्या शेंगांची भाजी खातो की आपण!" मला त्यांना चिमटा काढावासा वाटला, आणि हसूही आलं.

बाईंनी गोळी अर्धी केली, भुकटी पूर्ण बंद केली, आणि दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलं. म्हणाल्या, साध्या हगवणीला माणसं कुडा पिढ्यान् पिढ्या देत आलीत, वडिलांना नावं ठेवू नका. पण तुमचा आजार वेगळा, आणि झाडपाला झाला तरी शेवटी औषधच ते, माझ्या गोळ्यांबरोबर ते आत काय करतं हे मला माहीत असायला हवं. तपासणीत लोह आणि ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्यांच्या गोळ्या आणि पुड्या त्यांनीच लिहून दिल्या. महिन्याने सूज उतरली. हळूहळू गोळी पूर्ण केली, तरी सूज परत आली नाही. म्हणजे काय ते तुम्हीच समजा. मला मोठ्याने म्हणवत नाही.

आता बरी आहे मी. हा आजार पुन्हा डोकं वर काढेल कधीतरी, बाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय. पण काढलं तर कुणाकडे जायचं आणि काय काय सांगायचं हे मला ठाऊक आहे. परवा रिसॉर्टवर सगळ्या बायकांबरोबर बसून वालाचं बिरडं खाल्लं, दोन वाट्या. बाईंना विचारून, हळूहळू वाढवत नेऊन.

हे पत्र टाकणार तरी कुठे? रिपोर्टांच्या फाइलीत ठेवून देते. पण एक राहिलंय, आणि ते डॉक्टरीणबाईंनाही सांगितलेलं नाही. तुम्ही खाटेला खिळला होतात, मी भेटायला आले होते, तेव्हा तुम्ही सगळ्यांना बाहेर घालवून मला विचारलंत, "गुण आला का गं?" मी म्हटलं, आला, आबा, पूर्ण थांबलं. तुम्ही समाधानाने डोळे मिटलेत. त्या सकाळीसुद्धा रक्त पडलं होतं. तुमच्या औषधाने मला एकही दिवस बरं वाटलं नाही, आबा. तुमचं होतं म्हणून घेत होते.