यारी म्हणजे काय, याचा खुलासा

पवना धरण कॉलनी,
मार्च १९६९

तीर्थरूप मामांच्या पायांशी जावई हौशीरामचा दंडवत.

तुमच्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? मामींचा गुडघा काय म्हणतो? तांबडी गाय व्याली असेल तर खरवसाच्या वेळी माझी आठवण काढा (जावई म्हणून नको, नुसतं माणूस म्हणून काढा). इकडे मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं विचाराल तर परवा तुमचा बजरंग आला, 'झुंबर आता नांदायला यायची न्हाई' एवढंच बोलला आणि पाणीसुद्धा न पिता माघारी गेला. तेव्हापासून मला भाकरी गोड लागत नाही. लग्नाची बायको माहेरी गेली ती महिन्याभरासाठी, आणि निरोप आला हा!

मामा, सगळा घोटाळा एका शब्दाचा आहे. झुंबर तुमच्याकडे वराळ्याला आली त्याच आठवड्यात मला धरणावर यारीवर घेतलं. यारी म्हणजे दगड, लोखंड वर उचलणारं यंत्र. हे वाक्य मी त्याच वेळी बोललो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण कामशेतच्या स्टँडवर तुमच्या भावकीतले रखमाजीभाऊ दिसले, त्यांची एस.टी. सुटत होती, आणि मी आनंदाच्या भरात गाडीबरोबर धावत खिडकीतून ओरडलो, "झुंबरला सांगा, मला यारी मिळाली! मुंबईहून आणलीया. लय उंच हाय, मान तर ही एवढी लांब! दिसभर तिच्याम्होरं उभा ऱ्हातो. शिट्टी मारली की वळती, हात केला की वाकती!" रखमाजीभाऊ नुसतं "आरं आरं आरं" करत राहिले. मला वाटलं, कौतुक करताहेत. (गाडीतल्या बाकीच्या मंडळींनीही माना बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं, तेही मी कौतुकातच धरलं.)

रखमाजीभाऊंनी पदरचं एक अक्षर घातलं नसणार, हीच खरी अडचण आहे. घातलं असतं तर त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

शेवटी या शब्दाचा छडा लावावा म्हणून मी चौकशीला लागलो. ओव्हरसियरसाहेब म्हणाले, इंग्रजीत हिला क्रेन म्हणतात, आणि क्रेन म्हणजे करकोचा पक्षी. लांब मान बघून साहेबलोकांनी पाखराचंच नाव यंत्राला दिलं. बघा, त्यांच्या बायकांना काही घोर नाही. नवरा करकोच्यावर कामाला आहे म्हटल्यावर कोण रुसून माहेरी बसेल? मग आपल्यात यारी कुठून आली, असं विचारलं, तर साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मुकादम अंबाजीआबा पूर्वी मुंबईला गोदीत होते. ते म्हणाले, "बंदरातनं आला आसंल शबूद. आमी जलमापासनं यारीच ऐकतोय." एवढ्यात घमेली वाहणाऱ्या भामाबाई मध्येच बोलल्या, "माज्या डोईवरचं वझं हिनं घेतलं. हिला यारी न्हाई म्हनायचं तर काय सासू म्हनायचं?" खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही, पण मला भामाबाईंचं बोलणं आवडलं.

तेव्हा मामा, तुम्ही स्वतः एकदा या. तिला तुमच्यासमोर उभी करतो, मग काय ते बोला. (हे वाक्य घरात नीट समजावून सांगावं.) मामींना दंडवत. बजरंगला रामराम, त्याच्यावर माझा राग नाही, मला बहीण असती तर मीही पाणी प्यायलो नसतो.

आपला,
हौशीराम

ता. क. आता मी मुद्दाम 'क्रेन' म्हणतो. त्यामुळे टोळीतली माणसं मला 'क्रेनसाहेब' म्हणून चिडवतात. तुमच्या लेकीपायी तेही सोसतो आहे.

पुन्हा ता. क. तुमच्या डोळ्यांना अक्षर दिसत नाही, बजरंगचं आणि शाळेचं कधी जमलं नाही, तेव्हा हे पत्र झुंबरच वाचत असणार. झुंबर, इथून पुढं मनातल्या मनात वाच. तू माझ्यापायी एवढी रागावलीस हे ऐकून पहिल्या दिवशी, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र करमेना. कामावर काय काय झालं ते सांगायला मी संध्याकाळी दारातूनच बोलत आत येतो, आणि खोलीत कुणी नसतं. नवीन काम मिळालं ते सगळ्यांच्या आधी तुला कळावं, एवढ्यासाठी त्या गाडीमागं धावलो गं. मला तुझी फार आठवण येते. ये. मामांनी विचारलं, शेवटी एवढा वेळ काय वाचत होतीस, तर सांग, सगळ्यांना नमस्कार लिहिलाय.