जपून वापरलेली गाडी

२ नोव्हेंबर
गाडीला या महिन्यात पंधरा वर्षं होतात. आता फिटनेस टेस्ट. पास झाली की पुढची पाच वर्षं निश्चिंत. पास होणारच. लोक गाड्या वापरून वापरून खराब करतात. आमची आमच्या सोसायटीत, सिल्व्हर पार्कात, कव्हरखाली असते. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.
हे म्हणाले, एकदा तरी गुहागरला नेऊ या. घेतल्यापासून ह्यांचं एकच, स्वतः चालवत गावी जायचं. कोकणातले रस्ते म्हणजे गाडीची वाट. म्हणून दर वर्षी एसटीने जातो. तरी या वेळी शब्द दिला: पास झाली की गुहागर.

५ नोव्हेंबर
जावेने नवी गाडी घेतली. हप्ते भरत बसेल. आमच्या गाडीचा खर्च शून्य. (इन्शुरन्स आणि पार्किंग सगळेच भरतात, ते धरायचं नसतं. बॅटऱ्या सारख्या बदलतो, कारण हल्ली बॅटऱ्यांना दम नाही. रोजची रिक्षा हा रिक्षाचा खर्च, गाडीचा नव्हे.)

९ नोव्हेंबर, सकाळी
चावी फिरवली. आवाज नाही. पहिल्यापासून शांतच आहे. वॉचमन रामूने धक्का मारला. जागची हलली नाही. रामू म्हणाला, मॅडम, इसको कभी चलाते क्यूं नहीं? म्हटलं, म्हणूनच नवी दिसते.

११ नोव्हेंबर
मेकॅनिक बबन आला. बॉनेट उघडलं तर उंदीर. वायरी कुरतडलेल्या. टायर तडकलेले, टाकीत गंज. काकी, नुसती उभी ठेवून मारलीत हिला, म्हणाला. अडाणी. उंदीर सोसायटीचे, दोष गाडीचा? सेक्रेटरीला कडक पत्र लिहायचं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. फिटनेस विसरा, म्हणाला.
ह्यांनी गुहागरची बॅग भरली होती. एकेक कपडा काढून रिकामी केली. सत्तरीच्या माणसाने इतकं हळवं असू नये.

१८ नोव्हेंबर
गाडी भंगारात द्यायचा निर्णय घेतला. मीच घेतला. (फोन ह्यांनी केला. पैसे ह्यांनी ठरवले. मी मान हलवली.)
पत्र राहिलं.

२२ नोव्हेंबर
भंगारवाल्याचा टेम्पो आला. दोर बांधला. म्हणाला, स्टिअरिंग पे कोई बैठो. मी विचार करते तोवर हे धावत जाऊन बसले. सत्तरीत धावले! काच खाली करून म्हणाले, गुहागर नाही तर नाही, मनोरमा, वरसाव्याच्या भंगारवाड्यापर्यंत तरी चालवतो. गेटवर जमलेल्यांना हात करत निघालेसुद्धा.
मी मागून रिक्षाने. घोडबंदर रोडला नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मी बाहेर डोकं काढून ओरडत होते, अहो, हळू! जरा बाजूने घ्या!
रिक्षावाला म्हणाला, आंटी, वो तो कटने को जा रही है ना?
म्हटलं, तो क्या हुआ? खराब क्यूं करने का?