विहिरीशेजारची बोअर

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. प्रत्यक्षात बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

सगळ्या गावाला बोअर मारून देणारा मी. म्हटलं, एक घरीही मारावी. या वयात बाबांनी बादल्या का ओढाव्यात? विहिरीला लागूनच मशीन उभं केलं. कठीण खडक लागला तेव्हा बाबा थांब म्हणाले. मी उलट जोर वाढवला. पाणी भरपूर लागलं, नळ धो धो वाहू लागला, आणि आठवड्याभरात विहिरीचा तळ दिसला.

आता तूच सांग, पाणी तेच, मग नळाचं का चालत नाही? बाबा कोरड्या विहिरीच्या कठड्यावर बसून असतात. पाण्याच्या निमित्ताने शिंपीणबाई यायच्या, मास्तर यायचे, तास तास गप्पा व्हायच्या. आता कुणी फिरकत नाही. आमच्या नळावर या म्हटलं तर संकोचतात. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. डोकं फिरायची वेळ आली आहे.

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.
तुझा,
धडाक्या

११ मार्च
चि. धडाक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्या कारखान्यात थरावर थर चिकटवून पत्रे बनतात, त्यांना भोकं पाडणं माझं काम. वरून भोक कसं गोल, देखणं दिसतं. पत्रा उलटा करावा तर खालचे थर उचकटलेले. नवी माणसं शेवटी जोर करतात ना! आम्ही खाली फळी लावतो आणि ड्रिलचं टोक बाहेर पडायच्या आधी हात सैल सोडतो.

विहिरीचं पाणी त्या खडकाने तोलून धरलं होतं. तू बूडच फोडलंस, आता ते तुझ्या बोअरमधून खाली पळतंय. तळापासून खडकाच्या वरपर्यंत सिमेंट भरून बोअर बुजव. पण हळू. पंपाने दाबलंस तर तेच सिमेंट फटींतून विहिरीच्या झऱ्यांत जाऊन बसेल, मग ब्रह्मदेव आला तरी पाणी यायचं नाही.

नळ जाईल, बायको चिडेल. चिडू दे. बाबांना माणसं हवी होती रे, एवढंही तुला कळू नये याचा मला फार राग येतो.

रागावले तरी माया तीच.
तुझी ताई

२० एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बुजवली. आपणच मारलेली बोअर बुजवताना काय वाटतं ते विचारू नकोस. पंप लावायला हात शिवशिवत होते, तरी सिमेंट बादली बादलीनेच सोडलं. दोरी धरायला बाबाच उठून आले. मी घाई केली की दोरी आवळून धरायचे.

त्यानंतर कितीतरी दिवस विहीर कोरडीच. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, म्हणून मी घरभर चरफडत होतो. परवा तळाशी पाणी दिसलं. गढूळ, जेमतेम बादली बुडेल एवढं. काल निवळलं, तर शिंपीणबाई आल्या, मास्तर आले. नळाला थेंब नाही, म्हणून बायकोने मलाही हंडा देऊन पिटाळलं. मी आपला सरळ रहाटाकडे. बाबा कठड्यावर होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. रांगेत उभा राहा म्हणाले.

माझा नंबर येईपर्यंत पाणी संपलं. रिकामा हंडा घेऊन घरी आलो, बायको ओरडत होती, आणि ताई, मला हसू आवरेना.

तुझा राग ओसरला असेल तर लोभ कळव.
तुझा,
धडाक्या