स्लॅबचं पाणी

आप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायचा तर तुमचं एखादं वाक्य आधी आठवावं लागतं. आज सकाळपासून एकच आठवतंय, आणि तेही रागाचं. नगरच्या घरातलं स्वयंपाकघर. आई तव्यावरची भाकरी उलटतेय, तुम्ही ताटावर बसलात आणि मी समोर. मुंबईहून इंटिरियर डेकोरेशन शिकून नुकतीच परत आलेली. शेवगावच्या डॉक्टरांच्या प्रसूतिगृहाचं बांधकाम तुमच्याकडे होतं आणि आतली मांडणी तुम्ही माझ्यावर सोपवली होती. त्या दिवशी भिंतीतला कोनाडा माझ्या नकाशापेक्षा वीतभर वर गेलेला दिसला, आणि मी गवंडीकाम घेतलेल्या मिस्त्रींना त्यांच्या सगळ्या माणसांसमोर फाडफाड बोलले होते. तिथे नाही, घरी आल्यावर पहिला घास मोडून तुम्ही म्हणालात, "कोनाडा चुकला हे खरं. पण ते बाजूला घेऊन सांगायचं. ठेकेदाराजवळ दुसरं काय असतं गं? माणसं असतात आणि त्या माणसांत त्याचा शब्द असतो. तो तूच मोडलास तर उद्या तुझं काम कोण करून घेणार?"

मला तेव्हा राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना रेतीच्या ढिगामागे गाठलं आणि काल चुकलं म्हणाले. ते तिसगावचे. मी जन्मायच्या आधीपासून तुमची सगळी गवंडीकामं त्यांच्याच ठेक्यात. त्यांनी डोक्यावरचं फडकं काढून झटकलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. कोनाडा खाली घेतो. पर तुमचा त्यो निळा नकाशा बघून मला काय कळत न्हाई. भिंतीवर काढून दावा." तेव्हापासून मी खडू घेऊन जायला लागले. कपाट, ओटा, बाळांना न्हाऊ घालायची मोरी, सगळं भिंतीवर खऱ्या मापानं काढायचं. मग आमचा वाद व्हायचा. कधी माझं पुसलं जायचं, कधी त्यांचं. हळूहळू दुपारच्या जेवणाला त्यांच्या फडक्यात माझ्यासाठीही एक भाकरी यायला लागली. सिमेंटवाला आला की ते सांगायचे, "आमच्या ताईंचं काम हाय, माल चांगला टाक." ते "आमच्या" ऐकायला मी मुद्दाम तिथे रेंगाळायची.

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. त्र्याहत्तरचा. शेवगावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, बाया हंडे घेऊन कुठून कुठे चालत होत्या, आणि आपला स्लॅब ओतायची वेळ नेमकी तेव्हाच आली. तुम्ही तो पुढे ढकलायला बघितलात, पण डॉक्टरांची तारीख पक्की होती. ओतलेल्या स्लॅबवर मातीचे वाफे केलेत, काँक्रीट ओलं राहून घट्ट व्हावं म्हणून त्यात पाणी साठवायचं, आणि त्यासाठी लांबून टँकर मागवून साइटवरचा हौद भरून घेतलात. मिस्त्रींना बजावून सांगितलंत, "वाफे सुकू द्यायचे नाहीत. याच्याखाली बाळंतिणी झोपणार आहेत." ते म्हणाले, "व्हय मालक, काळजी नगं."

आपण दोघं दोन दिवस नगरला होतो. फरशीचं बघायचं होतं. परत आलो तेव्हा भर दुपार होती, आणि डॉक्टर तुमची वाट बघत बाहेरच उभे होते. आपण शिडीनं वर गेलो. वाफ्यांतली माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. तुम्ही ती हातानं बाजूला सारलीत, आणि खाली काँक्रीटवरही केसासारखी रेघ होती, पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलेली. खाली आलो तर हौद कोरडा. मिस्त्री आपल्या माणसांबरोबर भिंतीच्या सावलीला बसलेले. आपल्याला बघून उठले.

"पाणी कुठे गेलं?"

"बायांनी नेलं, मालक. वस्तीवरच्या. म्या न्हेऊ दिलं."

"आणि स्लॅब?"

"मालक, लेकरं घेऊन आल्या हुत्या. मला न्हाई म्हनवंना."

तुम्ही त्यांना कायम तुम्ही म्हणायचात, आप्पा. त्या दिवशी म्हणाला नाहीत. "चोर आहेस तू," म्हणालात. "माझं पाणी चोरून गावात पुण्य कमावतोस?" डॉक्टर ऐकत होते, माणसं ऐकत होती, आणि मी तुमच्या शेजारी उभी होते. तुमचा हात धरावा असं वाटलं. पण बापाचा हात चारचौघांत कसा धरायचा? मिस्त्रींनी थापी पुसली, ओळंबा गुंडाळला, पिशवीत टाकला. त्यांच्यामागून त्यांची माणसं एकेक करून उठली आणि फाटकातून बाहेर पडली.

आठवड्यानं तुम्हीच मला तिसगावला पाठवलंत. एस.टी.नं गेले. घरी कोणी नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, दुष्काळी कामावर गेलेत, पाझर तलावाच्या. तिथे मिस्त्री आणि त्यांची बायको माती वाहत होती. ज्यांच्या हाताखाली एवढी माणसं होती ते आता दुसऱ्याच्या हजेरीवर पाट्या टाकत होते. मला बघून त्यांनी पाटी उतरवली आणि दगडावर फडकं टाकून म्हणाले, "बसा ताई." त्यांची बायको वाटीत सुकडी घेऊन आली. सरकारनं कामावरच्या लोकांना पोटासाठी दिलेली. ती खावी की नको, मला कळेना. खाल्ली.

"चला मिस्त्री," मी म्हणाले. "आप्पांनीच पाठवलंय मला."

"सोता का न्हाई आले?"

मी रिकामी वाटी त्यांच्या बायकोला परत दिली. मग तेच म्हणाले, "मी त्यांच्यावर रागावलो न्हाई. सलाबचं नुसकान झालं, ते माझ्यामुळंच झालं. पर माझ्या मानसांम्होरं चोर म्हनले. आता मी त्यास्नी विटा उचला म्हनलो तर ती माझ्याकडं कशी बघत्याल? तुमचं एकलीचं काम आसंल तवा बोलवा. येतो. मालकांच्या कामावर न्हाई."

संध्याकाळी घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरातच बसला होतात. सगळं जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही उठलात, कोट घातलात, पायात वहाणा घातल्यात. दारापर्यंत गेलात आणि परत आलात.

"काय बोलू गं त्याला जाऊन? पाणी दिलंस ते बरोबर केलंस म्हणू? मग उद्या स्लॅब बाईच्या अंगावर आला तर? आणि चुकलास म्हणू, तर त्या बायांनी काय करायचं होतं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही कोट काढून खुंटीला लावलात.

नगरहून दुसरे गवंडी आले. स्लॅबला आधार म्हणून बाळंतिणींच्या खोलीत मधोमध एक खांब उभा करावा लागला. ती खोली मी मोकळी ठेवली होती, सगळ्या खाटांवरून खिडकी दिसावी म्हणून. खांब आला आणि निम्म्या खाटांपुढची खिडकी गेली. तुम्ही म्हणालात, "काढ बाई यातून काहीतरी मार्ग." निघाला नाही. मी खांबाला फिकट पिवळा रंग दिला. पुढे दोन वर्षांत तुम्ही गेलात. मिस्त्री तेव्हा आले, अंगणाच्या कडेला उभे राहिले, खांदा द्यायला पुढे झाले नाहीत. मी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर ते आले असते का, आणि तुम्हाला चाललं असतं का, हे त्या घाईत कोणाला विचारणार होते?

त्यानंतर ते माझ्या कामांवर आले, म्हातारे होईपर्यंत. सांगितल्याप्रमाणे. आमचे वाद पूर्वीसारखेच व्हायचे, भाकरीही यायची. तुमचा विषय मात्र निघाला नाही. मी काढायला जायची तेव्हा ते सिमेंटचा मसाला कालवायला उठायचे. एवढ्या ठेकेदारांबरोबर कामं केली, कोणाला कसं सांभाळायचं हे मला येतं असं लोक म्हणतात. पण तुम्हा दोघांमध्ये मला कधी काही करता आलं नाही. दोघंही माझ्याशी चांगले होतात, आणि मला वाटायचं तेवढं पुरेल. ते पुरत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तर खरं सांगते. मी तुम्हाला लिहायला बसलेच नव्हते. परवा मिस्त्री गेले. त्यांच्या बायकोला दोन ओळी लिहाव्यात म्हणून कागद घेतला होता. तिला काय लिहावं ते सुचेना, म्हणून वर आप्पा लिहिलं.