छापून आलेला खोकला

पिन्स्क, ४ नोव्हेंबर १९३६
चि. झेलिगला अनेक आशीर्वाद.
इथल्या शिबिरात लाकडं कापून हात सोलवटलेत, पण शेतकामाला लायक असा शेरा मिळाला. वसंतात पॅलेस्टाईनला जाऊन वसायचे परवाने येतील, त्यात माझं नाव आहे. खोकला तेवढा पाठ सोडत नाही. आजारी माणसाचं नाव कापतात, म्हणून डॉक्टर आले की मी तबेल्यात पळते आणि खोलीतल्या मुली सावरून घेतात. हसू नकोस. आईला सांगू नकोस. तू चालवतोस त्या चळवळीच्या मासिकातले अग्रलेख इथे सगळ्यांच्या डोक्यावरून जातात, कागद मात्र चुलीला बरा.
आहे ती माया राहू दे.
तुझी ताई, ब्रोखा

विल्ना, २ डिसेंबर
ती. ब्रोखाताईस सा. न. वि. वि.
नवा अंक पाठवतोय, तिसरं पान बघ. शिबिरातलं पत्र एकट्याचं नसतं, म्हणून रिवाजाप्रमाणे तुझं पत्र आपल्या गटाच्या शुक्रवारच्या बैठकीत वाचलं. पोरं पोट धरून हसली, दोघी रडल्या. मग एक शब्दही न गाळता छापलं. सोबत्यांपासून लपवायचं काय? नावाच्या जागी नुसतं 'ब्रो.' घातलंय. माझ्या सगळ्या अग्रलेखांपेक्षा ते सरस आहे, हे कबूल करताना जीव जळतो. आईला दाखवलं नाही.
लोभ वाढव, कमी नको.
झेलिग

पिन्स्क, २० डिसेंबर
झेलिग,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. परवाने वाटणाऱ्या वॉर्सातल्या समितीकडेही तुझा अंक जातो ना? त्यांनी त्यांचा डॉक्टर पाठवला. या खेपेला पळता आलं नाही. छातीत डाग निघाला, नाव कापलं. परवाने थोडे, आजारी माणसावर वाया कसे घालवणार, म्हणाले. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही, त्याचाच संताप होतो. अरे गाढवा, ते मी संपादकाला नाही, भावाला लिहिलं होतं.
ब्रोखा

विल्ना, ११ जानेवारी १९३७
ती. ताईस सा. न. वि. वि.
हव्या तेवढ्या शिव्या दे. समितीनं तुझी जागा मला देऊ केलीय, मासिकाच्या कामाबद्दल. मी नाही म्हणून कळवणार आहे. पण समितीचं पाकीट आईनं फोडलं. ती माझे सदरे शिवायला बसलीय आणि ब्रोखा का जात नाही, असं सारखं विचारते. मी विषय बदलतो.
तुझा अपराधी,
झेलिग

पिन्स्क, २५ जानेवारी
चि. झेलिगला आशीर्वाद.
नाही म्हणालास तर जागा परक्याला जाईल. घरातलं एक तरी निघू दे. माझा राग गेलेला नाही, पण तू तिकडे सुखरूप असलास तर मला निवांत रागावता येईल. आईला मी कळवलंय की इथला एक मुलगा मला आवडलाय, म्हणून मीच जायचं रद्द केलं. आता ती लग्न कधी म्हणून विचारत राहील. ते माझं मी बघेन.
तुझी ताई, ब्रोखा