शेवटच्या बांधीचं पाणी

बाबा, परवा नववीच्या वर्गात जगाचा नकाशा टांगला, तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसला आहात असं मला उगाच वाटत राहिलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, काही देश श्रीमंत आन् काही गरीबच, असं काहून असते?" उत्तर मला तोंडपाठ आहे. बंदरं, कोळसा, नद्या, पाऊस, मातीचा कस. भंडाऱ्याला आले तेव्हापासून तेच सांगत आले आहे, आणि आता निवृत्तीला थोडेच महिने उरलेत. पण त्या दिवशी खडू हातात तसाच राहिला, आणि नकाशातल्या निळ्या रंगात आपल्या तलावाचं पाणी हलताना दिसू लागलं. मुलींना वाटलं, बाईंना चक्कर आली. एकीनं धावत जाऊन पाणी आणलं, आणि मी ते प्यायले.

आपलं गाव आसगावाकडचं, तलावाच्या उंच मातीच्या पाळीखाली वसलेलं. पाळीतलं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दगडी तोंड, उघडायचं काम गावानं तुमच्याकडे दिलं होतं. पाळीला लागून कन्हारीच्या काळ्या, कसदार मातीच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, त्या गावातल्या मोठ्या घरांच्या. तिथून पाट जसा खाली जातो तशी माती फिकी होत जाते, मग सिहारीचा रेताड पट्टा लागतो. त्याच्या पलीकडे आपली बांधी, आणि सगळ्यात शेवटी शेजारच्या काकूची. काकू एकटी बाई, नवरा गेलेला, आणि जमीन म्हणून तेवढी एकच बांधी. कोणाच्या घरावर कौलं आणि कोणाच्या घरावर गवत, हे तुडुमापासून त्याच्या बांधीपर्यंत पावलं मोजून कोणीही सांगितलं असतं. गावात लबाड कोणी नव्हतं. ज्याच्या आजोबाला जिथं जागा मिळाली तिथं तो होता, एवढंच.

आश्विनात पाऊस पाठ फिरवायचा, धान गर्भात असायचं, आणि पाण्याचे नंबर लागायचे. तुमच्याकडे एक पितळेची वाटी होती, बुडाला बारीक भोक पाडलेली. पाण्यानं भरलेल्या गुंडात, म्हणजे घागरीत, ती तरंगत सोडायची. ती भरून बुडाली की तेवढ्या वेळाचं एक वाटी पाणी झालं. भंडाऱ्याच्या बाजारात ती घेताना दुकानदार म्हणाला होता म्हणे, "नव्या वाटीले भोक मांगणारा गिऱ्हाईक पयल्यांदाच पाहून राहिलो." तुमची रीत अशी, की वाटी तुडुमापाशी सोडायची नाही. गुंड खांद्यावर घेऊन ज्याचा नंबर त्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जायचं, आणि पाणी त्याच्या बांधीला शिवलं की मगच वाटी सोडायची. "रस्त्यात हाये तवरिक पाणी कोणाचंच नाही," तुम्ही म्हणायचात. सुट्टीत घरी आले की मीही धुऱ्यावर तुमच्याशेजारी बसायची. दुपार पेंगत असते. आधी ओल्या मातीचा वास येतो, मग पाटातली वाळकी पानं जागच्या जागी हलतात, आणि पानांच्या मागून पाणी येतं, अगदी दबकत, पाहुण्या माणसासारखं. तुम्ही माझ्याकडे बघून हसता आणि वाटी सोडता. आजही कधी शाळेतून येऊन आडवी झाले की मला तोच वास येतो.

त्या काळात, म्हणजे सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा, मी भंडाऱ्याला कॉलेजात भूगोल शिकत होते. नकाशांचं मोठं पुस्तक एकदा घरी आणलं आणि स्वयंपाकघरात भुईवर उघडलं. "सारवण वल्लं हाये, जग खराब होईन," आई चुलीपासून म्हणाली. मग तिनंच खाली पोतं अंथरून दिलं. तुम्ही एकेका देशावर बोट ठेवून एकच विचारायचात, "याच्या वरते कोण हाये?" इजिप्तपाशी तुम्ही थबकलात. नदीच्या पार शेवटच्या टोकाला, आणि तरी हिरवा. "नदी मोठी आहे बाबा," मी म्हटलं. "मंग वरचे लोक भले असतीन, नाहीत झोपले असतीन," तुम्ही म्हणालात. चहूबाजूंनी जमीनच असलेला एक देश पाहून तुम्ही त्याच्या सीमेवरून बोट फिरवलंत. "याची बैलबंडी कोणीकडून निघते?" समुद्रावर जायला शेजाऱ्यांच्या देशातून वाट मागावी लागते, असं मी सांगितलं. "मंग याले शेजाऱ्याशी भांडता नाही येत. धान घरी आणाचं त त्याच्याच धुऱ्यावरून." पुढं अनेक जाडजूड पुस्तकं वाचली, पण त्या देशाबद्दल याहून जास्त मला कोणी शिकवलं नाही. तेव्हा मात्र मी मनात हसले होते. माझ्या मैत्रिणींचे वडील कचेरीत बसायचे, आणि माझे वडील खांद्यावर गुंड घेऊन फिरायचे, याची मला लाज वाटायची, बाबा.

त्याच वर्षी शाळेच्या ओसरीवर गावाची बैठक झाली. वरच्या बांध्यावाल्यांचं म्हणणं होतं, पाणी वाटेत मुरतं त्याचा भुर्दंड आमच्या नंबरला का. "एका माणसाच्या गुंडावर गाव किती दिवस चालन? पोरगी भूगोल शिकून राहिली, तिले नकाशा काढू द्या. जे कागदावर येईन ते सारे मानू." मी चार दिवस खपले. प्रत्येक बांधीचं तुडुमापासूनचं अंतर धुऱ्यांवरून मोजलं, पाट निळ्या शाईनं काढला, आणि अंतराच्या हिशेबानं वाट्या ठरवल्या. आता वाटी सगळ्यांसाठी तुडुमापाशीच सुटणार होती, शेवटच्यांना दोन वाट्या जास्त. कागद फिरला. सर्वांत मोठ्या घरच्या म्हाताऱ्यानं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पोरगी शिकली बा." मी हवेत होते. तुम्ही मला एकच विचारलंत, "माय, सिहारीचं काय?" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अंतर धरलं आहे ना, बाबा. त्यात सगळं आलं." दोघं-चौघं हसले. तुम्ही कागद हातात घेतला, उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिला, आणि पुन्हा तशीच घडी घालून परत दिलात.

पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. रेतीनं दोन काय, चार वाट्या पाणी पिऊन टाकलं. आपल्या बांधीत अर्धं धान आलं. काकूचं सगळंच पोचट निघालं. हातात घेऊन फुंकलं की उडायचं. ती मुठी भरभरून फुंकत राहिली. दुसऱ्या वर्षी तिची बांधी विकली जाऊन वरच्या मोठ्या घराकडे गेली, आणि रोवण्याला, धानाची रोपं लावताना, ती त्याच चिखलात रोजीनं वाकलेली मी पाहिली. मला बघून तिनं विचारलं, "कॉलेज कसं हाये माय?" मी चांगलं आहे म्हणाले.

त्या सुट्टीनंतर तुम्ही मला एसटीपर्यंत पोचवायला आलात आणि दुपट्ट्यात बांधलेली वाटी माझ्या हातात दिलीत. "आता इचं इथं काम नाही. तू ठेव." गाडी दिसायला लागली तेव्हा म्हणालात, "नकाशा चांगला होता. फक्त तू पाटानं चालली नाही. चालली असती त पायालेच समजलं असतं." लागेल असं सगळ्या जन्मात तुम्ही मला इतकंच बोललात. त्यानंतर पुन्हा विषय काढला नाहीत, आणि आठ-दहा वर्षांत तुम्ही गेलात. मी दर वर्षी मुलींना कालव्यावर अनवाणी चालायला नेते. त्यांना ती सहल वाटते.

त्या मुलीला परवा मी बंदरं आणि कोळसाच सांगितला. तुम्हाला लिहिलेला हा कागद आता नकाशांच्या त्याच जुन्या पुस्तकात, इजिप्तच्या पानात ठेवते आहे. वाटी समोर टेबलावर आहे. पण एक राहिलं, बाबा. बैठकीच्या आदल्या दिवशी मी पाटानं चालले होते. सिहारीत पाय घोट्यापर्यंत रुतले, आणि पायाला समजलं होतं. घरी येऊन मी तो पट्टा नकाशात पेन्सिलीनं काढलाही होता. मग सगळ्या वाट्यांचा हिशेब बिघडला, कागद तुमचंच म्हणणं सांगू लागला, आणि मी तो पट्टा रबरानं खोडला. तुम्ही कागद उन्हाकडे धरलात तेव्हा ती खूण दिसली होती का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.