बुक्कीच्या कुस्तीच्या बारा रिळांबाबत

मी, शिवम्मा, कै. वीरप्पा कोरे यांची पत्नी, वय चौसष्ट, हैदराबादच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए., राहणार कळंब, आज शुद्धीत राहून, कोणाचेही न ऐकता, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. वकील व्यंकटराव यांनी तयार मसुदा दिला होता. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका निघाल्या, म्हणून परत केला.

१. राहते घर पुतण्या महारुद्र यास. त्याने छतावर पाण्याची टाकी बांधू नये, भिंत पेलणार नाही. हे तोंडी नऊ वेळा सांगून झाले आहे.

२. माझी बोरमाळ नणंद केशरबाई हिला. माझ्या लग्नात ती माळ पितळेची आहे असे तिने चारचौघांत म्हटले होते. आता सोनाराकडून खात्री करून घ्यावी.

३. आमच्या टुरिंग टॉकीजचा तंबू व बाकडी महारुद्राने खुशाल विकावीत. व्हिडिओ आल्यापासून तसाही तंबू कोणी उलगडत नाही.

४. पंचक्रोशीत ‘बुक्कीची कुस्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी चित्रपटाची बारा रिळे. यजमानांनी ती मागाहून रीतसर विकत घेतली, पावती ट्रंकेत आहे. महारुद्र ती वितळवून बांगड्या करणाऱ्याला देणार असे कानावर आले, म्हणून सविस्तर लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळात यजमानांनी सोलापूरहून पौराणिक चित्रपट मागवला होता. पेटीतून चुकून निघाला हा. पाझर तलावाच्या कामावरचे मजूर तंबूत येऊन बसले होते, तेव्हा तोच लावला. गोष्ट एवढीच, की गोदीतला एक हमाल नावाजलेल्या मुष्टियोद्ध्याशी पंधरा फेऱ्या लढतो आणि शेवटी पंच गुण मोजून दुसऱ्याचा हात वर करतात. मी माईक घेऊन वाक्यन् वाक्य अचूक मराठीत सांगितले. शेवटी म्हटले, “हमाल गुणांवर पराभूत झाला.” लोक उठले. एक म्हातारी जाताना म्हणाली, “हितंबी हरायचंच व्हय?”

दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला. दारावर तिकिटे फाडणारी चांगुणा ओव्हाळ हिने माईक घेतला. तिला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही. तिने गोदीच्या मालकाला मुकादम केले आणि हमालाच्या मैत्रिणीला त्याच्या मामाची मुलगी. पंचांनी दुसऱ्याचा हात वर करताच ही ओरडली, “आरं थांबा! ह्याची पाठ लागली का भुईला? चारदा पडला, पर तोंडावर पडला, गुडघ्यावर पडला. पाठ न्हाय लागली. मग हरला कसा?”

तंबूतून आवाज आला, “न्हाय हरला!” पटके उडाले. एक खांब निखळला.

मुष्टियुद्धात पाठ टेकण्याचा नियम नसतो, हे मी तिला त्याच दिवशी समजावले. ती म्हणाली, “बाई, आपल्याकडं हाय की.”

याला चौदा वर्षे झाली. रिळांवर इतके ओरखडे आहेत की हमालाचे तोंड दिसत नाही. शेवट सर्वांना पाठ आहे. तरी साखर कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाला दरवर्षी हाच चित्रपट मागतात आणि विचारतात, “चांगुणाबाई येणार न्हवं?” माझी चौकशी कोणी करीत नाही. मी यावर पुष्कळ विचार केला. ज्यांनी खणलेल्या खड्ड्याचे माप मुकादम रोज कमी धरतो, त्यांना पंचांचा निकाल मी वाचून दाखवला. तिने तो फिरवला. मला हे सुचायला हवे होते, मी शिकलेली होते.

यजमान शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा म्हणाले, “चांगुणेला बोलाव. पंधरावी फेरी ऐकू दे.”

मी म्हटले, “मला येते की.”

“तू खरी सांगतेस,” ते म्हणाले.

ती आली, तिने सांगितली, ते हसले. मी दाराआड उभी राहून ऐकले. हा राग मी आजवर सोडलेला नाही आणि या कागदातही सोडत नाही.

तरी बाराही रिळे चांगुणेला द्यावीत. मशीनशिवाय रिळे म्हणजे नुसते डबे, म्हणून मशीन, जनरेटर, माईक व कर्णाही तिलाच. महारुद्राने हरकत घेतल्यास कलम एक रद्द समजावे.

५. या चित्रपटाच्या माझ्या भाषांतराची वही शाळेच्या ग्रंथालयास द्यावी. चांगुणेच्या हाती पडू देऊ नये. ती वाचेल आणि बरोबर सांगू लागेल.

खोडाखोडीबाबत खुलासा: दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी प्रथम चांगुणेचे नाव लिहिले होते. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितल्यावरून ते मीच खोडले. ती सहीसाठी ठेवणीतले लुगडे नेसून आली होती. तिने विचारले, “बाई, माझं नाव का खोडलं? काय चुकलं माझं?” मी सांगितले, “तुझं अक्षर बरं नाही.” “ते खरं हाय,” म्हणाली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. खरे कारण तिला मी गेल्यावर कळेल. त्याआधी कोणी सांगितल्यास हा कागद मी फाडीन.

सही: शिवम्मा वीरप्पा कोरे

आम्हा दोघांसमोर बाईंनी वाचून सही केली:
१. आबाराव, निवृत्त मुख्याध्यापक
२. कमलबाई, शेजारीण

कळंब, जि. उस्मानाबाद
९ नोव्हेंबर १९८६